खाली सेल्सिअस, वर फॅरनहाइट

भिलाईच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती माझा हात थरथरत नव्हता म्हणून. नागपूरला मामाकडे राहून मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं होतं, पण मुलाखतीत फिजिक्सचा एकही प्रश्न निघाला नाही. समोर ग्राफ पेपर ठेवला, काही बिंदू दिले आणि म्हणाले, "यांच्यातून रेघ काढा." मी काढली. मुलाखत घेणारे साहेब चष्मा कपाळावर चढवून त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "लग्न ठरलं आहे काय?"

"नाही."

"मग सोमवारपासून या."

वडील रेल्वेत गार्ड होते आणि आम्ही दुर्गला रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. मी कारखान्यात जाणार म्हटल्यावर वडिलांनी फक्त गाडी कितीला सुटते आणि कितीला परत येते ते सांगितलं. आईला जास्त माहिती हवी होती.

"तू तिथं काय करून राहिली म्हणून शेजारीण इचारन, तं मी काय सांगू?"

"ग्राफ काढते म्हणून सांग."

"ते काय असते?"

"वीट गरम केली की फुगते. किती गरम केल्यावर किती फुगली, त्याचं चित्र."

आईनं तव्यावरची पोळी उलटली. "पोळी फुगते. वीट कावून फुगन? मले येडी नको समजू."

शेजारणीला तिनं सांगितलं की पोरगी हापिसात लिहिण्याचं काम करते.

वीट मात्र खरंच फुगत होती. त्या हिवाळ्यात कोक ओव्हनची पहिली बॅटरी तापवायला घेतली होती. बॅटरी म्हणजे कोळसा भाजून त्याचा कोक करायच्या उंच, अरुंद भट्ट्यांची लांबच लांब रांग, एकीला लागून दुसरी. सगळी रांग सिलिकाच्या पांढरट विटांनी बांधलेली. या विटेचा स्वभाव असा की तापताना ती फुगते, पण सारखी फुगत नाही. सुरुवातीला अंगात आल्यासारखी फुगते, पुढं शांत होते. त्या अंगात येण्याच्या काळात घाई केली तर भिंतींना भेगा जातात. म्हणून रोज अगदी थोडं थोडं तापमान वाढवायचं, रोज भिंती किती वाढल्या ते मोजायचं, आणि बॅटरीला बाहेरून आवळून धरणारे स्प्रिंगचे बोल्ट तेवढे सैल करायचे. असं काही महिने चालतं. एकदा तापलेली बॅटरी मग तिच्या आयुष्यात पुन्हा थंड करत नाहीत.

या कामावर दोन मोठी माणसं होती. एक आमचे साहेब, ज्यांनी मला नोकरी दिली ते. रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, इंग्लंडला शिकून आलेले. त्यांच्या टेबलावर विटांबद्दलचं एक जाड इंग्रजी पुस्तक असायचं आणि ते डब्याला टेकवून ते जेवायचे. दुसरे रशियन तज्ज्ञ. त्यांना आम्ही सगळे रशियन साहेब म्हणायचो. पन्नाशीचे, रुंद, आम्ही स्वेटर घालून कुडकुडत असताना अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरणारे. दोघांच्या मध्ये एक दुभाषा होता, दिल्लीकडचा, बारीक अंगाचा. दोघांचाही राग आधी त्याच्या कानात जायचा, त्यामुळे त्याचा चेहरा कायम उन्हातून आल्यासारखा असायचा.

कारखान्याच्या मरोदा गावाकडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये आमचं ऑफिस होतं. मी रशियन साहेबांच्या खोलीत बसून त्यांचा ग्राफ काढायची. उभ्या अक्षावर भिंतीची वाढ मिलिमीटरमध्ये, आडव्या अक्षावर तापमान. आमच्या साहेबांचा ग्राफ पलीकडच्या खोलीत एक मद्रासकडचे वयस्क ड्राफ्ट्समन काढायचे. दोन ग्राफ का, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दोन साहेब होते, म्हणून दोन ग्राफ होते.

एके दिवशी सकाळी आमचे साहेब हातात ग्राफची गुंडाळी घेऊन आमच्या खोलीत आले. मागे दुभाषा, त्याच्या मागे प्यून. प्यूनच्या हातात टाइप केलेला एक हुकूम होता, सहीसाठी.

"यांना सांगा," साहेब दुभाष्याला म्हणाले, "तीनशे डिग्री झाली. रशियाहून आलेल्या तापवण्याच्या कार्यक्रमात लिहिलं आहे, तीनशेच्या पुढे धोका संपतो, वेग वाढवावा. मी आजपासून वेग वाढवतो आहे."

दुभाष्यानं सांगितलं. रशियन साहेबांनी माझ्या टेबलावरचा ग्राफ पाहिला, मान हलवली आणि काहीतरी छोटं बोलले.

"ते म्हणतात, तीनशे झालेली नाही."

"मी स्वतः वर जाऊन बघून आलो."

"ते म्हणतात, तेसुद्धा."

हे पुष्कळ वेळ चाललं. एकमेकांना खोटारडा म्हणायला दोघांचीही तयारी नव्हती, म्हणून दोघंही तेच वाक्य जास्त सभ्यपणे म्हणत होते. रशियन साहेब म्हणाले की माझ्या सहकाऱ्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण तीनशे झालेली नाही. आमचे साहेब म्हणाले की तज्ज्ञांच्या अनुभवापुढे मी नतमस्तक आहे, पण तीनशे झालेली आहे. प्यून भिंतीला टेकला. मी पेन्सिलीला टोक काढत होते. ती पुरेशी लहान झाली तेव्हा मी थांबले.

मग चहा आला, आणि चहा आला की भांडण थांबवायचं हा नियम दोघांनाही मान्य होता. आमच्या साहेबांनी कप उचलला, रशियन साहेबांकडे नीट पाहिलं, आणि जुन्या घरातला माणूस विचारतो तसं विचारलं, "यांचा चेहरा उतरलेला दिसतो. घरी सगळं ठीक आहे ना?"

दुभाष्यानं विचारलं. उत्तर ऐकून म्हणाला, "बायको आजारी आहे, साहेब. ताप आहे. काल एकोणचाळीसच्या वर गेला होता."

"किती?"

"एकोणचाळीस."

"नीट विचारा. एकोणचाळीस असेल तर माणूस गार पडला म्हणायचा."

दुभाष्यानं पुन्हा विचारलं. रशियन साहेबांनी चार बोटं वर केली. "एकोणचाळीस पॉइंट चार," दुभाषा म्हणाला.

"छे," आमचे साहेब म्हणाले. "ताप म्हणजे माझ्या आईला मागल्या महिन्यात आला होता तसा. एकशे तीन."

हेही रशियनमध्ये गेलं. रशियन साहेबांनी कप खाली ठेवला. आमच्या साहेबांकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग ते हळू आवाजात बोलले.

"ते म्हणतात," दुभाषा म्हणाला, "तुमच्या आईंबद्दल त्यांना फार वाईट वाटतं. त्यांना शेवटी खूप त्रास झाला का, असं विचारतात."

"शेवटी? आई सकाळी अंगणात रांगोळी काढत होती."

साहेबांनी कप बशीत ठेवला, हातातली गुंडाळी उलगडली आणि माझ्या ग्राफच्या शेजारी पसरली. मी त्यांचा ग्राफ पहिल्यांदाच पाहत होते. आडव्या अक्षाखाली ड्राफ्ट्समनच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, डिग्री. माझ्याही ग्राफखाली लिहिलं होतं, डिग्री. कार्यक्रमाच्या भाषांतरातही डिग्रीच होतं. साहेबांचे तापमापक फॅरनहाइटचे, त्यांचं पुस्तक फॅरनहाइटचं, त्यांचं सगळं शिक्षण फॅरनहाइटमध्ये झालेलं. रशियन साहेबांनी आयुष्यात फॅरनहाइट पाहिलंच नव्हतं. साहेबांची तीनशे म्हणजे रशियन साहेबांची दीडशेसुद्धा भरत नव्हती. विटांच्या अंगात यायला खरी सुरुवात आत्ता होणार होती, आणि वेग वाढवायचा हुकूम प्यूनच्या हातात सहीची वाट बघत होता.

साहेबांनी तो हुकूम मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"प्यूनला सांगा, चहा आणखी आणायला," ते म्हणाले. प्यून तिथंच उभा होता.

नंतर मी जेवायला डबा उघडला. रोज त्या भिंतींची वाढ मी कागदावर चढवत होते. त्या तडकल्या असत्या तर कशा तडकल्या असत्या, हे डोळ्यांपुढं यायला लागलं. मी डबा तसाच बंद केला.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. ऑफिसात मी एकटीच बाई होते, त्यामुळे बायकांची जी काही कामं निघत ती माझी. "तुम्ही त्यांच्या क्वार्टरवर जाऊन या. बाई एकटी आहे. आपला थर्मामीटर घेऊन जा," ते म्हणाले. त्यांना बाईंची काळजी होती हे खरं. पण आकडा एकदा आपल्या थर्मामीटरवर बघून घ्यावा, हेही त्यांच्या मनात होतं.

बाई पलंगावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. केस पांढरे, गाल लाल. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. मी थर्मामीटर दाखवला. त्यांनी उशीखालून आपला काढून दाखवला आणि काखेत लावला. मी माझा धुऊन त्यांच्या तोंडापुढं धरला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि काखेकडे बोट केलं. मी तोंडाकडे बोट केलं. शेवटी मी तो आधी माझ्याच तोंडात धरून दाखवला, मग पुन्हा धुतला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

त्यांच्या काचेवर पारा साडेअडतीसच्या जरा वर होता, माझ्या काचेवर एकशे दोन. दोन्ही काचा शेजारी शेजारी धरून त्यांनी पाहिल्या आणि हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत. मग कपाटाकडे खूण करून त्यांनी मला एक पेन्सिल काढायला लावली, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. शाळामास्तरांकडे असते तशी. औषधाच्या पुडीच्या कागदावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली, रेघेखाली निळ्यानं त्यांचा ताप लिहिला, रेघेवर लाल रंगानं माझा, आणि दोन्हीच्या मधून एक उभी काडी काढली. त्यांनी फळ्यावर लिहिल्याची, मग पोरांना दटावल्याची खूण केली. मी ओळखलं, बाई शिक्षिका होत्या. निघताना पेन्सिल त्यांनी माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हटलं, पण तेही त्यांना मराठीत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की यापुढे एकच ग्राफ काढायचा. खाली सेल्सिअस, वर फॅरनहाइट. मी आणि ड्राफ्ट्समन, दोघांनी मिळून काढायचा. दोन साहेबांचं भांडण मिटलं आणि आमचं सुरू झालं.

रेघ एकच, बिंदू तेच, उभा अक्ष तोच. प्रश्न फक्त वरच्या अक्षावरच्या खुणांचा होता. ड्राफ्ट्समनांचं म्हणणं, कागदाच्या जाड उभ्या रेघा खाली शंभर, दोनशे, तीनशे सेल्सिअसला येतात, तर वर त्याच रेघांच्या टोकाला त्यांचंच फॅरनहाइट लिहायचं. दोनशे बारा, तीनशे ब्याण्णव, पाचशे बहात्तर.

"एक रेघ, दोन नावं," ते हिंदीत म्हणाले. "माणसानं वर पाहिलं काय, खाली पाहिलं काय, रेघ तीच."

"पण साहेबांच्या तापमापकावर तीनशे ब्याण्णव कुठं लिहिलं आहे?" मी म्हटलं. "तिथं चारशे आहे, पाचशे आहे. वर तेच पाहिजेत."

"ते रेघांवर येत नाहीत."

"नाही आले तर नाही आले."

"मुली, रेघेवर न येणारा आकडा हा अक्ष नसतो, तो बाजार असतो."

त्यांनी आपल्या पद्धतीनं एक कागद केला, मी माझ्या. त्यांचा दिसायला कितीतरी चांगला होता. माझ्यात वरच्या खुणा कुठल्याच रेघेला जुमानत नव्हत्या. एकटा पाचशे तेवढा दोनशे साठच्या रेघेवर बरोब्बर येऊन बसला होता, बाकीचे इकडेतिकडे सांडलेले. आम्ही दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ड्राफ्ट्समनांच्या कागदाचा वरचा अक्ष मोठ्यानं वाचला.

"दोनशे बारा. तीनशे ब्याण्णव. पाचशे बहात्तर." त्यांनी वर पाहिलं. "हे तापमान आहे की गाड्यांचे नंबर?"

माझा कागद ठरला. रशियन साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, खालचा अक्ष कोणी हलवू नका, वर काय वाटेल ते लिहा. ड्राफ्ट्समन दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, मी लिहिलेले वरचे आकडे बघितले, म्हणाले, "अक्षर फारच वाईट आहे," आणि खुर्ची ओढून सगळे आकडे स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिले. बाईंच्या त्या पेन्सिलीनं वरचे आकडे लाल केले, खालचे निळे. तो कागद भिंतीवर लागला. सकाळी दोन्ही साहेब त्याच्यापुढे उभे राहायचे, एक मान वर करून, एक मान खाली घालून.

वीट आता खरोखरच फुगायला लागली होती. रेघ चढावर आली. रोजचा बिंदू कार्यक्रमाच्या रेघेवर किंवा तिच्या जवळपास यायचा, आणि तो टेकवताना मी श्वास धरत असे. घरी जेवताना वडील विचारायचे, "आज कुठं?" मी म्हणायची, "लाइनवर." गार्ड माणसाला हे उत्तर पुरायचं.

मग एक दिवस बिंदू लाइनवर आला नाही. बॅटरीवरून आलेलं माप मी टेकवलं आणि तो रेघेच्या पुष्कळ वर पडला. मी माप पुन्हा पाहिलं. ड्राफ्ट्समनांनी पाहिलं. मग मी दोन्ही साहेबांना बोलावलं. दोघं आले आणि भिंतीपुढे उभे राहिले. दुभाषा मागून धावत आला. पण या वेळी त्याला बोलायचं काही उरलंच नव्हतं. आमच्या साहेबांनी त्या बिंदूवर बोट ठेवलं, रशियन साहेबांनी पंजा आडवा धरून दाखवला, इथंच थांबवा, आणि साहेबांनी मान हलवली. तापमान धरून ठेवायचा निरोप गेला. मग आमच्या साहेबांनी कोट काढला आणि दोघं बाहेर पडले.

तो सगळा दिवस ते दोघं बॅटरीवर होते, फिटर लोकांबरोबर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे स्प्रिंगचे बोल्ट सैल करत. मी शेडच्या दारातून बघत होते. रशियन साहेब लांब पाना लावून जोर देत होते आणि आमचे साहेब, ज्यांनी इंग्लंडहून आल्यावर पाना धरलाही नसावा, दोन्ही हातांनी त्याच पान्याला लटकले होते. दुभाषा साहेबांचा कोट घेऊन खाली उभा होता. ड्राफ्ट्समन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी आई काळजी करत असेल." मी म्हटलं, "आईला वाटतं मी लिहिण्याचं काम करते."

"मग बरं आहे."

दुसऱ्या दिवशीचं माप आलं. मी पेन्सिल टेकवली तेव्हा माझ्या मागे चौघं उभे होते आणि कोणाचा तरी श्वास माझ्या मानेला लागत होता. वाढ तिथंच थांबली होती. मग तापमान पुन्हा हळूहळू चढवायला घेतलं, आणि बिंदू दिवसादिवसानं रेघेकडे परत आले. त्या दिवशी भिंतीनं उडी का मारली, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. आमचे साहेब म्हणाले विटांमध्ये ओल राहिली असेल. रशियन साहेब म्हणाले एखादी स्प्रिंग अडकली असेल. अहवालात दोन्ही लिहिलं, मध्ये "किंवा" घालून.

ती चढण संपली, रेघ सपाट व्हायला लागली. बाई बऱ्या झाल्या आणि एकदा ऑफिसात येऊन भिंतीवरचा कागद बघून गेल्या. लाल आकड्यांपुढे त्या थांबल्या, एकेक खूण बोटानं तपासली आणि ड्राफ्ट्समनांच्या पाठीवर थाप मारली. कुठल्याही बाईनं अशी थाप मारल्याचा त्यांना अनुभव नसावा. ते दिवसभर ताठ बसून होते.

पहिला कोक निघाला त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना बघायला परवानगी होती. मला वर जाऊ दिलं नाही, साडी पेटेल म्हणाले. मी खाली, लांब, फिटरांच्या बायकांबरोबर उभी राहिले. भट्टीचं दार निघालं आणि आत एक उभी नारिंगी भिंत दिसली. मागून यंत्रानं ती ढकलली. भिंत दारातून पुढे आली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग तुकडे होऊन गाडीत कोसळली. गाडी पाण्याच्या फवाऱ्यांखाली गेली आणि एवढी वाफ उठली की दोन्ही साहेब दिसेनासे झाले. माझ्याशेजारच्या बाईनं हात जोडले. मीही जोडले. का जोडले ते मला सांगता येणार नाही, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते काही वाफेमुळे नव्हतं.

वाफ विरली तेव्हा दोघं वर कठड्याशी उभे होते, काळेकुट्ट. रशियन साहेबांनी आमच्या साहेबांना मिठी मारली. आमच्या साहेबांना कळेना की आपले हात कुठं ठेवायचे, म्हणून त्यांनी ते नमस्कारासारखे मध्येच धरले, आणि मिठी त्या जोडलेल्या हातांसकट झाली.

दुसरी बॅटरी तापवायला घेतली तेव्हा रशियन साहेब आणि बाई परत गेले होते. नवा ग्राफ एकटीनं काढायचं काम माझ्याकडे आलं. तोवर सेल्सिअसचे तापमापक आले होते, म्हणून मी फक्त खालचा अक्ष काढला आणि कागद भिंतीवर लावला. सकाळी साहेब आले. सवयीनं त्यांनी मान वर केली आणि तिथं कोऱ्या कागदाकडे जरा वेळ बघत राहिले.

"वरचं कुठं गेलं?"

"काढलं नाही, साहेब. आता लागत नाही ना."

"हो. आता लागत नाही," ते म्हणाले, आणि चष्मा कपाळावर चढवून रेघ बघायला वाकले.